कायेनचे दोघे: एबुए आणि मोनेरविल

फेलिक्स एबुए आणि गास्तों मोनेरविल यांच्या नावांची सरमिसळ सहज होते. दोघे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या कायेन शहरात जन्मले, दोघांचे पूर्वज गुलाम होते, आणि कृष्णवर्णीय माणसाला फ्रान्समध्ये क्वचितच मिळणाऱ्या पदांवर दोघे पोचले. दुसऱ्या महायुद्धात लंडनमधून स्वतंत्र फ्रान्सचा लढा चालवणारे आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले द गॉल, त्यांच्या गोष्टीतही दोघे येतात. पण एकाला सत्ता नेमणुकीतून मिळाली, दुसऱ्याला मतांतून. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

एबुए (१८८४–१९४४) सनदी अधिकारी होते. पॅरिसच्या वसाहत प्रशासन विद्यालयात शिकून ते मध्य आफ्रिकेत रुजू झाले. पुढे ग्वादेलूपचे आणि मग चाडचे गव्हर्नर झाले. २६ ऑगस्ट १९४० रोजी त्यांनी जर्मनीपुढे नमलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारला झुगारून चाड द गॉल यांच्या बाजूने उभं केलं. लंडनमध्ये बसलेल्या द गॉल यांच्या पायाखाली त्यामुळे आफ्रिकेत जमीन आली. १९४९ मध्ये एबुएंचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, ठेवले गेले. तिथे स्थान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. गोंधळात भर म्हणजे त्यांच्या पत्नी उजेनी १९४५ मध्ये ग्वादेलूपमधून खासदार झाल्या, त्यामुळे राजकारणातही एबुए हे नाव भेटतं.

मोनेरविल (१८९७–१९९१) वकील. कायेनमध्ये १९२८ साली दंगल झाली होती, त्यातल्या आरोपींचा खटला १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात चालला. मोनेरविल यांनी बचाव केला, आरोपी सुटले, आणि पुढच्याच वर्षी गयानाने त्यांना संसदेत पाठवलं. मग ते कायेनचे महापौर झाले, वसाहत खात्याचे उपमंत्री झाले, युद्धात भूमिगत प्रतिकारातही उतरले. १९४६ मध्ये गयाना वसाहत न राहता फ्रान्सचा जिल्हा बनली, त्यामागेही ते होते. त्याच वर्षी गयानात ते हरले, तरी १९४७ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे (पुढचं सेनेट) अध्यक्ष झाले. पुढे खुद्द फ्रान्समधल्या लोत जिल्ह्यातून सेनेटर म्हणून निवडून आले आणि अध्यक्षपदावर १९६८ पर्यंत टिकले.

द गॉल यांच्याशी त्यांचं बिनसलं ते १९६२ मध्ये. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा यासाठी द गॉल यांनी संसदेला वळसा घालून सार्वमत घ्यायचं ठरवलं. घटनादुरुस्तीचा हा मार्ग नव्हे, असं मोनेरविल यांचं मत होतं. ३० सप्टेंबरला आपल्या रॅडिकल पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी ‘फोर्फेत्युर’ हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ पदाशी द्रोह. काही दिवसांतच सेनेटने त्यांनाच पुन्हा अध्यक्ष निवडलं. सार्वमत मात्र द गॉल यांनी जिंकलं आणि मोनेरविल यांच्याशी संबंध तोडले. हा माणूस मला थोर वाटतो तो यासाठी. देशाचा तारणहार म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच तोंडावर नियम मोडल्याचं सांगायला मोठं धैर्य लागतं.

फ्रान्सच्या पाचव्या प्रजासत्ताकाच्या (१९५८ पासूनच्या) घटनेनुसार राष्ट्राध्यक्षपद रिकामं झालं की सेनेटचा अध्यक्ष ते हंगामी सांभाळतो. मोनेरविल ऑक्टोबर १९६८ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले. एप्रिल १९६९ मध्ये सेनेटचे अधिकार छाटू पाहणारं सार्वमत हरून द गॉल यांनी राजीनामा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात गेले ते आलाँ पोएर, मोनेरविल यांच्यानंतर सेनेटचे अध्यक्ष झालेले.