कर्ण्यावरचं नाव विकणाऱ्याचं

जुन्या कॉर्नेटच्या, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्याच्या, कर्ण्यावर (पुढच्या रुंद तोंडावर) शिकागोच्या नाहीतर न्यू यॉर्कच्या एखाद्या पेढीचं नाव झोकदार वळणात कोरलेलं असतं. त्यावरून वाद्य अमेरिकेत घडलं असं धरून चालू नये. ते नाव बरेचदा विकणाऱ्याचं असतं. घडवणारा शोधायचा तर जर्मनीच्या सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेन गावाकडे, किंवा तिथून सरहद्दीपलीकडच्या बोहेमियातल्या ग्रासलिट्झकडे (आजचं चेक प्रजासत्ताकातलं क्रास्लिसे) वळावं लागतं.

धार्मिक छळामुळे बोहेमिया सोडून आलेल्या व्हायोलिन कारागिरांनी मार्कनॉयकिर्खेनमध्ये १६७७ साली आपला संघ स्थापला. पितळकाम मागाहून आलं. एकोणिसाव्या शतकात धंदा वाढला तो घराघरांतून. एकाने व्हॉल्व्ह (सूर बदलणाऱ्या झडपा) करायचे, दुसऱ्याने कर्णा ठोकायचा, तिसऱ्याने जोडणी करायची. तयार माल अडत्याने उचलायचा आणि गिऱ्हाईक सांगेल ते नाव कोरून जहाजावर चढवायचा. त्यामुळे ‘हे कोणी बनवलं?’ या प्रश्नाला पुष्कळदा एकच एक उत्तर नसतंच. पैसा अर्थात अडत्यांकडे साठला. निर्यात इतकी वाढली, की १८९३ ते १९१६ या काळात या छोट्या गावात अमेरिकेच्या वाणिज्य दूताची कचेरी होती.

कोरीव नावापेक्षा मला बारीक ठसा अधिक भरवशाचा वाटतो. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. ब्रिटनने तसाच बडगा १८८७ मध्ये उगारला होता. म्हणून कारागिराचं नाव गायब, पण ‘जर्मनी’ शाबूत! ग्रासलिट्झ तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, म्हणून तिथल्या मालावर आधी ‘ऑस्ट्रिया’ आणि १९१८ नंतर ‘चेकोस्लोव्हाकिया’ दिसतं. फिरते व्हॉल्व्ह आणि कर्ण्याच्या काठाला जर्मन सिल्व्हरची पट्टी, याही जर्मन घडणीच्या खुणा आहेत, पण त्या नुसत्या दिशा दाखवतात. बोहेमियातही तीच धाटणी होती. (आपल्याकडचं ‘जर्मनचं पातेलं’ ॲल्युमिनियमचं. हे जर्मन सिल्व्हर तांबं, निकेल आणि जस्ताचं. चांदी दोन्हींत नाही.)

दुसऱ्या महायुद्धानंतर गुंता आणखी वाढला. ग्रासलिट्झमधल्या जर्मन भाषकांना हाकलण्यात आलं. त्यांतल्या काही कारागिरांनी बव्हेरियातल्या वाल्डक्राइबुर्गमध्ये बस्तान बसवलं आणि १९४६ मध्ये तिथे मिराफोन ही वाद्यं बनवणारी कंपनी उभी राहिली. मागे क्रास्लिसेत ‘अमाती’ ही सरकारी वाद्य कंपनी आली. म्हणजे एकाच गावची विद्या दोन देशांतून, दोन नावांनी बाजारात. मार्कनॉयकिर्खेन पूर्व जर्मनीत गेलं. तिथल्या पितळी वाद्यांवर ‘वेल्टक्लांग’, म्हणजे जगाचा नाद, अशी छाप दिसते. तीही विक्रीचीच, कोणाच्या हातचं काम, हे तिच्यावरूनही कळत नाही.