पोर्टफोलिओ आम्ही करून देत नाही
उन्हाळी वर्गांबद्दल विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधीच सांगायच्या गोष्टी

दादर पश्चिमेला आमचं छोटं आर्किटेक्चर ऑफिस आहे. वर्षभर सोसायट्यांची दुरुस्ती, गावाकडची घरं, दवाखाने अशी कामं चालतात आणि उन्हाळ्यात पुढचा हॉल मोकळा करून आम्ही वर्ग घेतो. शिकवणारी माणसं ऑफिसातलीच. इंटर्नशिपसाठी येणारे पोर्टफोलिओ, म्हणजे मुलांच्या निवडक कामांचे संग्रह, आम्हीच चाळतो, त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस कुठे थांबतो आणि कुठे भराभर पानं उलटतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या फाइली घेऊन देखणी पीडीएफ हातात ठेवणारे लोक मुंबईत मिळतात. आमचं ते काम नाही. मुलाखतीत कोणी एखाद्या सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर, बोट ठेवून "जिना इथेच का घेतला?" असं विचारलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. पान दुसऱ्यानं मांडलेलं असलं की तिथे त-त-प-प होते. म्हणून इथे काम तुम्ही करायचं, आम्ही शेजारी बसून चुका काढायच्या.

कोणी कुठल्या वर्गाला यावं

बारावी झालेल्यांच्या पालकांनी हे आधी वाचावं. आपल्याकडे बी.आर्क.च्या प्रवेशाला साधारणपणे पोर्टफोलिओ लागत नाही. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर, बारावीचे गुण आणि महाराष्ट्रात सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या, असा तो रस्ता आहे. तरी "आत्तापासूनच पोर्टफोलिओ सुरू करूया" म्हणून फोन येतात, आणि आम्ही नको म्हणतो. पदवीलाच परदेशी जायचं असेल तर गोष्ट वेगळी; तिथे बऱ्याच ठिकाणी पोर्टफोलिओ मागतात, तेव्हा भेटून बोलू. बाकीच्यांसाठी एका आठवड्याचा हातानं काढायचा वर्ग आहे. स्वतःची खोली टेपनं मोजायची, तिचा प्लॅन काढायचा, मग सेक्शन. लॅपटॉप घरीच ठेवायचा. ज्याला आपल्या खिडकीची कट्ट्यापासूनची उंची अंदाजानं सांगता येते, त्याला पहिल्या वर्षी कॉलेजात फारशी धाप लागत नाही.

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी दोन आठवड्यांचा डिजिटल वर्ग: ऑटोकॅड, स्केचअप, फोटोशॉप. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या, म्हणजे ट्रेनिंगसाठी ऑफिस शोधणाऱ्या किंवा पुढे मास्टर्सला जाणाऱ्या मुलांसाठी चार आठवड्यांचा पोर्टफोलिओ वर्ग. परदेशी जाणाऱ्यांनी तर उन्हाळाच धरावा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, आणि सेमिस्टर सुरू झालं की सबमिशनमधून डोकं वर निघत नाही.

नोकरी करणाऱ्या ड्राफ्ट्समन आणि सिव्हिल डिप्लोमावाल्यांसाठी रविवारचा रेव्हिट वर्ग आहे, त्याबद्दल पुढे.

ए-वन शीटचं ए-थ्री पान होताना

पोर्टफोलिओ वर्गाचा पहिला आठवडा जवळपास सगळा यातच जातो. मुलं ज्युरीला, म्हणजे कॉलेजातल्या परीक्षणाला, लावलेल्या ए-वन शीट घेऊन येतात, त्या तशाच लहान करून ए-थ्रीच्या पानावर बसवतात आणि पान काळपट का दिसतं, हे त्यांना कळत नाही.

हिशेब सोपा आहे. ए-वन म्हणजे ५९४ गुणिले ८४१ मिलिमीटर, ए-थ्री म्हणजे २९७ गुणिले ४२०. दोन्ही बाजू निम्म्या होतात. शीटवर १:१०० नं काढलेला प्लॅन पानावर १:२०० होतो, पण खाली अक्षरात १:१०० च लिहिलेलं राहतं, म्हणजे चक्क खोटं. तीन मिलिमीटरची अक्षरं दीड मिलिमीटरची होतात. भिंतीतलं हॅच, म्हणजे भरावाच्या बारीक रेषा, दाट होऊन काळा ठिपका बनतो. उपाय असा: पोर्टफोलिओसाठी ड्रॉइंग नव्यानं छापायचं. पानाचं माप आधी ठरवायचं, त्या मापाला कुठलं प्रमाण शोभतं ते बघायचं, हॅच काढून भिंत सरळ भरायची, फर्निचर आणि मापांच्या निम्म्या रेषा उडवायच्या. आकड्यातल्या प्रमाणाऐवजी पट्टीचं प्रमाण द्यायचं; पान कितीही लहान-मोठं झालं तरी पट्टी त्याच्याबरोबर लहान-मोठी होते.

रेषांच्या जाडीचंही तसंच. जुन्या लोकांकडे रोट्रिंगची पेनं असायची: ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर. हे आकडे उगाच आलेले नाहीत. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण १.४ पट आहे, आणि कागदाची मापंही त्याच पटीनं वाढतात. त्यामुळे ए-वनचं ए-टू केलं की ०.३५ ची रेषा बरोबर ०.२५ ची होते. ए-थ्रीपर्यंत आलात की दोन पायऱ्या उतरलात: ०.५ ची कापलेली भिंत ०.२५ ची झाली आणि ०.१८ ची फरशी ०.०९ ची, म्हणजे प्रिंटमध्ये गायब. छापताना कुठली रेषा किती जाड ते ठरवणारी, ऑटोकॅडमध्ये प्लॉट स्टाइल नावाची जी गोष्ट सगळे सिनियरकडून कॉपी करतात, ती उघडून हे आकडे प्रत्येकाला स्वतः भरायला लावतो. कंटाळवाणं काम आहे. पण सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो, रेंडरनं, म्हणजे संगणकावरच्या रंगीत चित्रानं, नाही.

एकच ड्रॉइंग ठेवायचं झालं तर

दुसऱ्या आठवड्यात निवड. बहुतेकांचं दुखणं एकच असतं, सगळंच ठेवायचं असतं. आम्ही विचारतो, या प्रोजेक्टमधलं एकच ड्रॉइंग ठेवायची परवानगी असेल तर कुठलं ठेवाल?

उदाहरण म्हणून कंबाला हिलवरचं कांचनजंगा घेतो. चार्ल्स कोरियांची ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली; २८ मजले, ३२ घरं. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा देऊन हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा कोपऱ्यातल्या दोन मजली उंच गच्च्यांच्या रूपानं उंच इमारतीत आणला आणि घरं एकमेकांत अडकवली. प्लॅन बघून यातलं फारसं हाती लागत नाही. बाहेरच्या फोटोत गच्च्या दिसतात, कारण दिसत नाही. सेक्शन बघितला की सगळं उलगडतं. तर या इमारतीचं एकच ड्रॉइंग ठेवायचं असेल तर ते सेक्शन.

तुमच्या प्रोजेक्टचं ते ड्रॉइंग कुठलं, हे ठरलं की अर्धं पान आपोआप मांडलं जातं. ते मोठं, बाकीची त्याच्या आधाराला. कधीकधी असंही कळतं की तसं ड्रॉइंग काढलेलंच नाही. मग ते वर्गात बसून काढायचं. आम्हाला हे दिवस सगळ्यात आवडतात, मुलांना अर्थातच नाही.

चार ते पाच प्रोजेक्ट पुरतात. त्यात एक मोजणीचं काम असावं असा आमचा आग्रह आहे. दुसऱ्या वर्षी गावी जाऊन केलेलं वाड्याचं किंवा वस्तीचं डॉक्युमेंटेशन मुलं मागच्या पानावर ढकलतात. आमच्यासारखी ऑफिसं ते आधी बघतात, कारण टेप धरता येतो की नाही ते तिथे समजतं. जुनी शीट हरवली असेल तरी हरकत नाही. वर्गातर्फे एका रविवारी सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत, ओव्हल मैदानावर जातो. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. काम एवढंच की पश्चिमेच्या इमारतीपासून पूर्वेच्या कमानींपर्यंत मैदानाचा आडवा सेक्शन काढायचा. रस्त्याची रुंदी पावलांनी मोजायची, झाडाची उंची शेजारी उभ्या माणसाच्या पटीत धरायची. एकीकडे खोल दगडी कमानी, दुसरीकडे काँक्रीटचे लांब छज्जे, आणि दोघांनाही तोंड द्यायचं ते ऊन-पावसालाच. हे कागदावर आलं की पोर्टफोलिओत एक चांगलं पान वाढतं. आजूबाजूला क्रिकेट चालू असतं, चेंडूकडे लक्ष ठेवा.

स्कॅन, फोटो, फाइल

हातानं काढलेली शीट फोनच्या स्कॅनिंग अ‍ॅपनं टिपू नका; पेन्सिलच्या फिकट छटा ते धुऊन टाकतं. चपट्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन करा. ए-थ्रीचं पूर्ण पान छापायला साधारण ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. फोनचा चांगला फोटो त्याच्या जवळपास जातो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

मॉडेलचे फोटो खिडकीच्या उजेडात, मागे साधं काळं कापड लावून, फ्लॅश न वापरता काढायचे. फोन जवळ नेऊ नका, लांब उभं राहून झूम करा, नाहीतर सनबोर्डच्या भिंती बाहेर कललेल्या दिसतात. मॉडेल तुटायच्या आत फोटो काढून ठेवा. लोकलच्या गर्दीतून ते दुसऱ्यांदा धड पोचेल याची खात्री नाही.

प्लॅन जेपीईजी करून पानात टाकला की रेषा फुटतात. पीडीएफ म्हणूनच बसवा, रेषा रेषाच राहते. फोटो मात्र ई-मेलच्या प्रतीसाठी १५० डीपीआयपर्यंत उतरवा. बऱ्याच संस्था पानांची आणि एमबींची मर्यादा घालतात. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, म्हणून ज्या संस्थेला अर्ज करणार तिचीच सूचना छापून आणा.

प्रामाणिकपणाच्या तीन बाबी

गटाचं काम असेल तर आपण नेमकं काय केलं ते पानावर लिहायचं. ट्रेनिंगच्या ऑफिसातली ड्रॉइंग त्या ऑफिसला विचारल्याशिवाय टाकायची नाहीत. ती त्यांची आणि त्यांच्या अशिलांची आहेत. एआयनं बनवलेलं चित्र वापरलं तर तसं नमूद करायचं. त्यात झाडं-माणसं, आकाश आलं तर आमची ना नाही, पण ज्या इमारतीचा प्लॅनच नाही तिचं झगमगीत चित्र आम्ही पोर्टफोलिओत ठेवू देत नाही.

सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊन येऊ नका, आमच्या नेटवर्कवर ते चालवू देणार नाही. गरजही नसते. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट वर्षभरासाठी मोफत देतं, शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवून मिळतं. कॉलेजच्या नोंदणीचा पुरावा लागतो आणि पडताळणीला वेळ जाऊ शकतो, म्हणून आठवडाभर आधी अर्ज करा. राइनो या थ्री-डी सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती ९० दिवस चालते. स्केचअप ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं. ब्लेंडर, इंकस्केप, स्क्रायबस ही कायमची मोफत आहेत, आणि पानं मांडायला स्क्रायबस पुरतं, थोडं हट्टी असलं तरी.

आठ जीबी रॅमवर ऑटोकॅड आणि स्केचअपचं भागतं. रेव्हिटला सोळा असावी. मॅकवर रेव्हिट थेट चालत नाही, मॅकवाल्यांसाठी ऑफिसचे दोन संगणक आहेत. आधी कळवलं तर मिळतील.

रविवारचा रेव्हिट

मुंबईतल्या मंजुरीच्या ड्रॉइंगांमुळे ऑटोकॅड एवढ्यात जाणार नाही, ते विसरायला आम्ही सांगत नाही. पण मोठ्या ऑफिसांतून जाहिरात येते तेव्हा रेव्हिट मागतात. फरक असा की ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा. रेव्हिटमध्ये ती भिंतच असते, प्लॅनमध्ये सरकवली की सेक्शनमध्ये, एलेव्हेशनमध्ये आणि दारांच्या यादीतही बदल होतो. वर्षानुवर्षं ड्राफ्टिंग केलेल्यांना सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं. सहा रविवारांत एका तळमजला अधिक तीन मजली इमारतीचा पूर्ण सेट काढून घेतो. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली रेव्हिटची फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून तुमच्या ऑफिसात कुठली आवृत्ती आहे ते विचारून या.

वेळ आणि फी

हाताच्या ड्रॉइंगचा वर्ग रोज सकाळी ९ ते १२, फी ४,००० रुपये. डिजिटल वर्ग सोमवार ते शुक्रवार दुपारी २ ते ५, फी ९,००० रुपये. पोर्टफोलिओ वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८, फी १४,००० रुपये. रेव्हिट रविवारी सकाळी १० ते २, फी १२,००० रुपये. एका वर्गात बाराच जण, कारण टेबलं तेवढीच आहेत. प्रिंटचा खर्च वेगळा. कागद-रंग लागणार असतील तर आधी सांगू, भरमसाट यादी देत नाही. फी दोन हप्त्यांत भरता येते. पहिले दोन तास बसून बघा, पटलं नाही तर पूर्ण पैसे परत; त्यानंतर मात्र परत मिळत नाहीत, कारण तुमची जागा दुसऱ्याला नाकारलेली असते.

पोर्टफोलिओ वर्गाला येताना एका पेनड्राइव्हमध्ये मूळ फाइली आणा: ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी, स्केचअप, स्कॅन, सगळं. नुसत्या ज्युरीच्या पीडीएफ आणल्यात तर पहिला दिवस फाइली शोधण्यात जाईल. घरी इंटरनेट धड नसेल तर वर्गाआधी तासभर लवकर या, ऑफिस उघडं असतं.