सिस्टरची एक फेरी वाचवणारी बेल

(नर्सिंग होम आणि छोट्या हॉस्पिटलांसाठी)

वॉर्डात बेल वाजते, पॅनेलवर सात नंबरचा दिवा लागतो. सिस्टर सात नंबरच्या कॉटपाशी पोचतात तेव्हा कळतं, सलाईन संपत आलंय. मग परत स्टेशनवर, आणि बाटली घेऊन पुन्हा तिथेच. पेशंटला पाणी हवं असलं तरी तोच दिवा, धाप लागली तरी तोच.

आम्ही बसवतो त्या बेलवर बोलताही येतं. बटण दाबलं की सिस्टर स्टेशनवरून किंवा गळ्यातल्या, वायफायवर चालणाऱ्या बोलक्या बिल्ल्यावरून विचारतात, "काय हवंय, आजी?" सलाईन असेल तर बाटली घेऊनच निघतात. पाणी हवं असेल तर मावशींना सांगतात. उत्तरच आलं नाही, तर धावत सुटतात.

हातात ग्लोव्हज असताना बिल्ल्याला नुसतं "आयसीयू लाव" म्हटलं की आयसीयूशी बोलणं जोडलं जातं. मात्र ही नावं आधी ठरवून भरावी लागतात. वाट्टेल ते बोललेलं त्याला कळत नाही. केसपेपर ऐकून लिहिणारं यंत्र आम्ही विकत नाही.

औषधाचा डोस लेखीच घ्यावा. अडीअडचणीला तोंडी घ्यावा लागला, तर ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' स्पीकरवर सारखेच ऐकू येतात, म्हणून 'एक-पाच', 'पाच-शून्य' असे सुटे आकडे म्हणावेत. हे काम यंत्राचं नाही, सवयीचं आहे. बेल बसवून झाल्यावर स्टाफला आम्ही सगळ्यात जास्त वेळ हेच शिकवतो.

जनरल वॉर्डात स्पीकरवर आजाराचं नाव किंवा रिपोर्ट बोलू नये. शेजारच्या कॉटचे नातेवाईक कान देऊन असतातच! आमच्या बेलमध्ये बोलणं रेकॉर्ड होत नाही. रात्री आवाज आपोआप कमी होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. रस्त्यावर हॉर्नला मनाई आणि आत आपलाच स्पीकर कोकलतोय, हे बरं दिसत नाही.

ऑर्डर देण्याआधी आमचा माणूस बिल्ला घेऊन सगळं हॉस्पिटल फिरून बघतो. लिफ्टमध्ये, आणि भिंतींतल्या शिशामुळे एक्स-रेच्या खोलीत, वायफाय बहुधा पोचत नाही. तिथे वायरचा इंटरकॉम लागतो. पॅनेल इन्व्हर्टरवर घ्यावं लागेल.

बाथरूममधली बेलची ओढायची दोरी मात्र काढू नका. घसरून पडलेल्या माणसाला बोलता येईलच असं नाही.