पाठचं भावंड आणि सुजलेले पाय

घानाच्या किनाऱ्यावर गा नावाची भाषा बोलतात. तिथल्या बायका लहान मुलांच्या एका दुखण्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. पाठचं भावंड आलं की आधीच्या मुलाचं अंगावरचं दूध तुटतं. मग काही महिन्यांत ते किरकिरं होतं, पाय सुजतात, केस तांबूस पडतात, कातडीचे पापुद्रे निघतात. जमैकात जन्मलेल्या सिसिली विल्यम्स या डॉक्टरणीनं १९३३ साली या आजाराचं वर्णन छापलं आणि १९३५ साली त्याला नाव दिलं तेही त्या बायकांच्याच तोंडचं. नव्या बाळानं आईच्या कुशीतून हटवलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. आपल्या पुस्तकांत याला 'सुजवटी' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यात फक्त लक्षण आहे. गा शब्दात अख्खं घर आहे.

हे नाव जगभर पोचलं ते मात्र जवळच्याच नायजेरियातल्या एका युद्धामुळे.

१९६६ मध्ये उत्तर नायजेरियात इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या आणि लाखो माणसं जीव मुठीत धरून पूर्वेकडे, आपल्या मूळ गावांकडे पळाली. ३० मे १९६७ रोजी ओजुक्वू या लष्करी अधिकाऱ्यानं पूर्व भाग 'बियाफ्रा' नावानं स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. जुलैत युद्ध पेटलं. नायजेरियानं नाकेबंदी केली, आणि मे १९६८ मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर पडल्यावर बियाफ्राचा समुद्र कायमचा तुटला. आत उरला तो निर्वासितांनी गच्च भरलेला, दर महिन्याला आकसणारा मुलूख.

इथे आहारशास्त्र समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. पूर्वेच्या त्या दमट भागात कसावा आणि याम हे कंद भरपूर पिकत. पण मांस यायचं उत्तरेच्या गुरांमधून, आणि वाळवलेला मासा थेट नॉर्वेहून. या माशाला इग्बो लोक 'ओकपोरोको' म्हणतात. तो लाकडासारखा कडक, भांड्यात टाकला की खडखडतो. नाकेबंदीनं तोडलं ते नेमकं हेच. मागे राहिला कसावा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं जेमतेम एक टक्का. म्हणजे मुलाचं पोट कधीमधी भरतही असेल, पण अंगाला काही लागत नसे.

मदत बाहेर तयार होती. ती जमिनीवरून, आमच्या तपासणीतून न्या, असा नायजेरियाचा हट्ट. शत्रूच्या हातून आलेल्या अन्नात विष असेल आणि आमचं सार्वभौमत्वही जाईल, असं बियाफ्राचं म्हणणं. शेवटी उली इथे हमरस्त्याचा एक तुकडा रुंद करून धावपट्टी केली आणि रात्रीच्या अंधारात विमानं उतरू लागली. ती पुरी पडणं शक्यच नव्हतं. ब्रिटन नायजेरियाला शस्त्रं पुरवत होता, म्हणून बियाफ्रात काही जण मुलांच्या सुजेला तिथल्या पंतप्रधानांचंच नाव देत: 'हॅरॉल्ड विल्सन'. गा बायकांनी आजाराच्या नावात कुटुंब घातलं होतं, यांनी त्यात दगा घातला.

१५ जानेवारी १९७० ला बियाफ्रानं शरणागती पत्करली. मेलेल्यांचे अंदाज ५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात. बहुतेक जण भुकेनं आणि रोगानं गेले, आणि त्यांत मुलं फार.

सुजवटीची एक वाईट खोड अशी, की ती डोळ्यांना फसवते. मूल गोलमटोल दिसतं, काटासुद्धा सुजेतल्या पाण्याचं वजन दाखवतो. शिवाय छावणीत मुलाचं वय कुणाला धड सांगता येत नाही, मग वयानुसार वजनाचे तक्ते काय कामाचे? युद्धाच्या काळात तिथे काम करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या पथकानं एक साधी काठी वापरली. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही, हे त्यामागचं सूत्र. काठीवर उंचीच्या खुणांशेजारी दंडाच्या घेराचे आकडे लिहिलेले. आधी दंड मोजायचा, मग मुलाला काठीशी उभं करायचं. डोकं आपल्या दंडाच्या खुणेच्या वर गेलं, तर मूल उंचीच्या मानानं रोड. साक्षरही असायची गरज नाही, आकडे ओळखता आले की पुरे. आज मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या अंगणवाडीत ताई जी लाल-पिवळी-हिरवी पट्टी दंडाला गुंडाळतात, तिच्यामागे हाच विचार आहे. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित.

सूज नेमकी का येते, याचं उत्तर वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. प्रथिनं कमी, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, म्हणून पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. पण उपचारानं सूज उतरते तेव्हा अल्ब्युमिन वाढलेलंच असतं असं नाही. २०१३ साली मलावीतल्या ३१७ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच घर, एकच आई, एकच ताट, तरी कित्येक जोड्यांत एकच मूल आजारी पडलं. आजारी मुलांच्या आतड्यातले जिवाणू जंतुमुक्त उंदरांत सोडून त्यांना मलावीचा आहार दिला, तर उंदरांचं वजन घसरलं. म्हणजे आईनं समसमान वाटलं तरी आतडं आपला वेगळा हिशेब करतं.

युद्धात लग्नं थांबत नाहीत, पाळणेही थांबत नाहीत. १९६८-६९ च्या भुकेत पोटात असलेली, जन्मलेली आणि त्यातून वाचलेली बाळं २००९ मध्ये चाळिशीला आली होती. तेव्हा संशोधकांनी एनुगू शहराच्या बाजारांत जाऊन १,३३९ माणसांचा रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासली. त्या भुकेनंतर जन्मलेल्यांशी तुलना केली, तर गर्भात किंवा तान्हेपणी भूक सोसलेल्यांत उच्च रक्तदाबाची शक्यता अडीच पटींहून जास्त. त्यांची साखर बिघडलेली, आणि कंबरेचा घेरही मोठा!

अशी समजूत आहे, की पोटातलं बाळ तुटपुंज्या पुरवठ्यात मेंदू आधी सांभाळतं. मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पुढे अन्न मिळू लागलं की हे काटकसरीनं बांधलेलं शरीर त्या भाराखाली वाकतं. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलं, की आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही पुण्याच्या बाळांनी कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली, तूट पडली ती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. त्यासाठी युद्ध लागलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त अडवतो तो मात्र उंचीचा अभ्यास. युद्धाची झळ बसलेल्या बायकांची उंची अर्थशास्त्रज्ञांनी तपासली. युद्धात तीन वर्षांच्या आत असलेल्या मुलींची उंची पुढे सरासरी पाऊण सेंटिमीटरनं कमी भरली. आणि ज्या तेव्हा १३ ते १६ वर्षांच्या होत्या, त्यांची तब्बल साडेचार सेंटिमीटरनं.

वयात येताना उंची झपाट्यानं वाढते आणि तेव्हा भूकही राक्षसी असते, हे एक कारण. दुसरं कारण हा माझा तर्क, पण घरातला स्वयंपाक पाहिलेल्या कुणालाही तो पटेल. मदतीचं दूध पाच वर्षांखालच्यांसाठी. पातेल्याच्या तळाशी उरलेलं भावंडांसाठी. चौदा वर्षांची मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन रांगेत उभी राहते आणि तिचा दंड कुणी मोजत नाही. सुजवटी झालेलं मूल निदान दिसतं तरी. हिची हाडं मुकाट्यानं थांबतात.

ही बहीण जगली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. संशोधकांनी त्यांचीही मापं पाहिली. युद्धानंतर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या त्या मुलांची वाढ खुंटलेली होती, आणि सर्वाधिक फटका होता किशोरवयात युद्ध सोसलेल्या आयांच्या मुलांना.