विक्री वाढली की पैशाची चणचण मिटते?

नाही. याच समजापायी नफ्यातले कारखाने बुडतात. समजा, महिन्याला 10 लाखांचा माल विकता, 8 लाख खर्च रोखीत, गिऱ्हाईक पैसे देतं 60 दिवसांनी. म्हणजे दोन महिन्यांच्या खर्चाचे 16 लाख कायम अडकलेले. विक्री आणि खर्च दुप्पट झाले, की अडकतात 32 लाख; महिन्याचा नफा जेमतेम 4 लाख. वर दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो, वसुली होवो न होवो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं नफा-तोटा पत्रक ही अडकलेली रक्कम दाखवत नाही. म्हणून नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, साध्या एक्सेलमध्येसुद्धा, आधी उधारीचे दिवस बदलून पाहा: 60 चे 45 केले, की 32 लाखांचे 24 होतात. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे चुकते करायला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने गिऱ्हाईकाला जास्तीत जास्त 45 दिवसांचीच मुदत घातलेली आहे.