टेराफ्लॉप किती खरे? प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्समधील निवड

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स हा टीव्हीला जोडून गेम खेळण्याचा कन्सोल १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतासह अनेक देशांत एकाच दिवशी विक्रीला आला. सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिकेत आणि जपानमध्ये दोनच दिवसांनी दाखल झाला. भारतातील ग्राहकांना मात्र त्यासाठी २ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावे लागले. डिस्क ड्राइव्ह असलेल्या दोन्ही कन्सोलची भारतातील मूळ किंमत ४९,९९० रुपये होती. दोघांचाही मुख्य प्रोसेसर एएमडी या एकाच कंपनीच्या आराखड्यावर आधारलेला आणि तैवानमधील टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर तंत्राने घडवलेला आहे. मूळ किंमत तीच आणि घराणेही तेच असताना निवड करायची कशावरून, या प्रश्नाला चाहत्यांच्या वादात एक ठरलेले उत्तर असते: एक्सबॉक्सचे १२.१५ टेराफ्लॉप, प्लेस्टेशनचे १०.२८, म्हणजे एक्सबॉक्स वरचढ. हा आकडा खोटा नाही, पण तो नेमके काय मोजतो हे पाहिल्याशिवाय त्यावर पन्नास हजार रुपये लावणे शहाणपणाचे ठरणार नाही.

सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी म्हणजे एक टेराफ्लॉप. चित्र रेखाटणारा ग्राफिक्स प्रोसेसर अनेक ‘कॉम्प्युट युनिट’चा बनलेला असतो. या पिढीच्या आराखड्यात प्रत्येक युनिटमध्ये आकडेमोड करणाऱ्या ६४ वाटा असतात आणि प्रत्येक वाट घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकते. एक्सबॉक्समध्ये अशी ५२ युनिटे असून त्यांचे घड्याळ १.८२५ गिगाहर्ट्‌झवर चालते. ५२ गुणिले ६४ गुणिले २ गुणिले १.८२५ अब्ज केले की १२.१५ टेराफ्लॉप येतात. प्लेस्टेशनमध्ये युनिटे ३६ च आहेत, पण घड्याळ २.२३ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावते; तोच गुणाकार केला की १०.२८ मिळतात. म्हणजे टेराफ्लॉप हा मोजून काढलेला वेग नसून, सगळ्या वाटा प्रत्येक ठोक्याला कामात असतील तर काय होईल, याचा कागदावरचा हिशेब आहे.

प्रत्यक्षात सगळ्या वाटा सतत कामात नसतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी ३६ ऐवजी ५२ केले, तरी स्वयंपाकघरातून परात बाहेर यायला उशीर होत असेल, तर जास्तीचे वाढपी दाराशी उभे राहतात. त्याउलट चपळ वाढपी असले, तर परात येताच पंगत झपाट्याने उरकते. प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या तांत्रिक सादरीकरणात हाच मुद्दा मांडला होता: घड्याळ जलद केले की केवळ आकडेमोडच नव्हे, तर त्रिकोण रचणे, पिक्सेल भरणे, जवळची छोटी स्मृती वाचणे अशी ग्राफिक्स प्रोसेसरमधील इतर कामेही त्याच प्रमाणात जलद होतात. एक्सबॉक्सची बाजूही लंगडी नाही. त्याच्या १६ जीबी स्मृतीपैकी १० जीबी सेकंदाला ५६० जीबी या गतीने माहिती पुरवते आणि उरलेली ६ जीबी ३३६ जीबी या गतीने. प्लेस्टेशनची सगळी १६ जीबी ४४८ जीबी या एकाच गतीने चालते. त्यामुळे एक्सबॉक्सची कमाल गती जास्त असली, तरी कोणती माहिती कुठल्या भागात ठेवायची हे गेम लिहिणाऱ्याला ठरवत बसावे लागते.

रुंद आणि सावकाश विरुद्ध अरुंद आणि जलद, अशा या दोन मार्गांमागे पैशाचा हिशेबही आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म दोष विखुरलेले असतात, त्यामुळे चिप जितकी मोठी तितकी ती सदोष निघण्याची शक्यता जास्त. एक्सबॉक्सची चिप सुमारे ३६० चौरस मिलिमीटरची आहे. प्लेस्टेशनची तिच्यापेक्षा स्पष्टपणे लहान. दोन्ही कंपन्यांनी दोषांची तजवीज आधीच करून ठेवली आहे: एक्सबॉक्सच्या चिपवर मुळात ५६ युनिटे असतात आणि चार बंद ठेवली जातात; प्लेस्टेशनच्या चिपवर ४० असतात आणि तिथेही चारच बंद. एखादे युनिट सदोष निघाले, तरी चिप फेकून द्यावी लागत नाही.

जलद घड्याळाची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. चिपला लागणारी वीज घड्याळाच्या गतीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. आणि गती वाढवायची तर बहुधा व्होल्टेजही चढवावे लागते. म्हणून सोनीने विजेची मर्यादा ठरवून टाकली आणि कामाचा भार फार वाढला की घड्याळच किंचित मंदावेल, अशी योजना केली. हे मंदावणे तापमानावर नव्हे, तर चिप करत असलेल्या कामावर अवलंबून असते, ही त्यातली खरी कल्पकता. त्यामुळे महाबळेश्वरच्या गारव्यातला आणि नागपूरच्या मे महिन्यातला प्लेस्टेशन एकच गेम एकाच गतीने चालवतो. फरक पडतो तो पंख्याच्या वेगात. अर्थात यालाही हद्द आहे. सोनीने वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितले आहे आणि विदर्भातला उन्हाळा त्याच्या बराच वर जातो. तिथे हे मूळ रूपात सुमारे ३९ सेंटिमीटर उंचीचे यंत्र शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबणे म्हणजे आपण होऊन दुखणे ओढवून घेणे होय.

टेराफ्लॉपच्या वादात मागे पडलेला, पण या पिढीतला माझ्या मते सर्वांत मोठा बदल म्हणजे हार्ड डिस्कऐवजी आलेली एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह. आधीच्या पिढीतील डिस्क मिनिटाला ५,४०० वेळा फिरत असे, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागे, आणि ते टोक सरकायला लागणारा वेळ वेगळाच. हा खोळंबा टाळण्यासाठी गेम बनवणारे एकच वस्तू डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहून ठेवत. स्पायडर-मॅनच्या गेममध्ये काही माहितीच्या सुमारे ४०० प्रती डिस्कवर असत, असे सर्नी यांनीच सांगितले होते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ही उधळपट्टी संपली. सेकंदाला १०० एमबी देणाऱ्या डिस्कला १६ जीबी स्मृती भरायला अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. एक्सबॉक्सची एसएसडी सेकंदाला २.४ जीबी वाचते, म्हणून तिला सुमारे सात सेकंद लागतील, प्लेस्टेशनची ५.५ जीबी वाचते, तिला तीन. शिवाय माहिती दाबून साठवलेली असते आणि ती उलगडण्याचे काम दोन्हीकडे खास सर्किटे करतात. प्लेस्टेशनमधले हे सर्किट जे काम करते, त्यासाठी एरवी मुख्य प्रोसेसरचे नऊ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) लागले असते, असे सोनीचे म्हणणे आहे. मात्र दोन्ही कन्सोलवर निघणाऱ्या गेमना मंद एसएसडी गृहीत धरूनच आखणी करावी लागते, म्हणून हा दुपटीहून अधिक फरक पुष्कळदा काही सेकंदांपुरताच उरतो.

आता टेराफ्लॉपमधल्या फरकाकडे, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांकडे, पुन्हा पाहू. ही सगळी शक्ती केवळ चित्राच्या बारकाव्यावर खर्च झाली असे मानले, तर ती उंची आणि रुंदी अशा दोन दिशांत वाटली जाते. म्हणजे प्रत्येक दिशेत जेमतेम ९ टक्के. एक्सबॉक्सने २,१६० ओळी रेखाटल्या, तर प्लेस्टेशन सुमारे १,९९० रेखाटेल. हा फरक डोळ्याला दिसेल का? निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. ५५ इंची फोर-के, म्हणजे २,१६० ओळींच्या, टीव्हीवर एक पिक्सेल सुमारे ०.३२ मिलिमीटरचा असतो. तेवढ्या आकाराला हा कोन करायला प्रेक्षकाला टीव्हीपासून साधारण १.१ मीटरवर बसावे लागेल. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा अडीच-तीन मीटरवर असतो. तिथून फोर-के आणि त्याच्या निम्म्या ओळींचे चित्र यांतला भेदही पुसट होत जातो, मग ९ टक्क्यांची गोष्ट कशाला!

हाताला मात्र फरक ताबडतोब कळतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये एका बाजूला जड वजन असलेल्या छोट्या मोटारी फिरून थरथर निर्माण करतात. बोटाखालच्या ट्रिगरमध्येही त्या असतात. अशा मोटारीला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये त्याऐवजी लाऊडस्पीकरसारखी चुंबकीय वेटोळी आहेत. ती पुढेमागे हलत असल्याने पावसाचा टपटपाट आणि खडीवरचे चाक यांची थरथर वेगवेगळी जाणवते. ट्रिगरमागची दातेरी चाके गेमच्या आज्ञेनुसार बोटाला कमीअधिक विरोध करतात, त्यामुळे धनुष्याची दोरी ताणताना ती खरोखर जड लागते. एक्सबॉक्सचे पारडे जड होते ते गेमच्या साठ्याने: २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सपासूनचे अनेक गेम त्यावर चालतात आणि मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या सेवेच्या वर्गणीत शेकडो गेम मिळतात. माझे मत विचाराल, तर निवड या दोन गोष्टींवरून करावी. आणि ज्यांच्याबरोबर ऑनलाइन खेळायचे ते मित्र कोणत्या यंत्रावर आहेत, हेही आधी विचारून घ्यावे.

साठवणीचा हिशेबही खरेदीआधीच करावा. यंत्रणेची जागा वजा जाता मूळ प्लेस्टेशन ५ च्या ८२५ जीबीपैकी सुमारे ६६७ जीबी वापरायला मिळते आणि एक्सबॉक्सच्या १ टीबीपैकी सुमारे ८०२. मोठे गेम सहज १०० जीबीच्या घरात जातात. सप्टेंबर २०२१ पासून प्लेस्टेशनमध्ये पुरेशा वेगाची, बाजारात मिळणारी कोणतीही योग्य मापाची एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) एसएसडी बसवता येते. एक्सबॉक्सला मात्र त्याच्यासाठीच बनवलेले विस्तार कार्ड लागते. साधी यूएसबी ड्राइव्ह दोन्हींना चालते, पण नव्या पिढीचे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात. खेळायचे झाले की ते परत आतल्या एसएसडीवर आणावे लागतात.