कार्बनी पदार्थांचे उष्णता संस्करण

पिच (डांबराच्या ऊर्ध्वपातनानंतर उरणारा काळा पदार्थ), दगडी कोळसा, लाकूड यांसारखे कार्बनयुक्त पदार्थ हवा लागू न देता तापवून त्यांची सूक्ष्मरचना बदलण्याची क्रिया. सु. १,०००° से.पर्यंत हायड्रोजन, ऑक्सिजन निघून जातात, हे कार्बनीकरण. २,०००° ते ३,०००° से.च्या टप्प्याला, म्हणजे कार्बनचे सपाट थर नीट जुळून ग्रॅफाइट बनण्याला, ग्रॅफाइटीकरण म्हणतात.

नुसते तापमान वाढवले की कोणत्याही कार्बनचा ग्रॅफाइट होतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. कार्बन साध्या दाबाला वितळत नाही; त्यामुळे अणूंची फेरमांडणी घन अवस्थेतच व्हावी लागते. ती कितपत होईल हे ४००° ते ५००° से.लाच ठरून जाते. पिच त्या वेळी पातळ असतो. त्यातले सपाट रेणू एकमेकांवर बसून गोलक बनतात, गोलक एकमेकांत मिसळतात आणि थरांना एक दिशा मिळते. हे थर पत्रावळींच्या चळतीसारखे असतात : समांतर, पण प्रत्येक पत्रावळ वेगळ्या कोनात फिरलेली. पुढे २,०००° से.नंतर त्या जुळून बसतात आणि थरांमधील अंतर सु. ०.३४४ नॅनोमीटरवरून ०.३३५४ नॅनोमीटरकडे येते.

लाकूड मात्र मऊ न पडताच करपून कोळसा होते. लाकडातल्याच ऑक्सिजनमुळे त्यातले थर लवकर आडवे-तिडवे सांधले जातात आणि मग ३,०००° से.लाही सुटत नाहीत. ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे हा भेद मांडला. आजही या विषयाचा पाया तोच आहे. नागपूरकडची उदाहरणे घ्यायची तर सागाचा कोळसा किंवा संत्र्याच्या सालीचा कोळसा याच गटातला. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जळणारा या भागातला दगडी कोळसाही तापवल्यावर मऊ पडून कोक (कठीण, सच्छिद्र कार्बन) होणारा नाही. पण हे वैगुण्य नव्हे. न जुळलेल्या थरांमधील बारीक पोकळ्या वाफेने मोकळ्या केल्या की पाणी शुद्ध करणारा सक्रियित कोळसा मिळतो.

सगळीकडे ग्रॅफाइट हवाच असतो असेही नाही. विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याच्या कुंडांतले धनाग्र (धन विद्युत् अग्र) पेट्रोलियम कोक व पिच यांचे बनवतात आणि सु. १,१००° से.लाच भाजतात. भाजणी कमी पडली, तर कोकचे कण धरून ठेवणारा पिचचा कार्बन आधी झिजतो आणि कण सुटून कुंडात कार्बनची भुकटी साचते.